कुकरमधला प्लायवूड

प्लायवूडच्या धंद्यात उकळलेला तुकडा घेऊन येणारं गिऱ्हाईक नवीन नाही. दादरच्या एका काकूंनी तर नमुना थेट कुकरला लावला, भरपूर शिट्ट्या काढल्या आणि ओलाच काउंटरवर ठेवून विचारलं, "थर सुटले नाहीत. ओट्याखाली चालेल ना?" "चालेल, पण कडा बंद करून घ्या," असं सांगितल्यावर त्यांना वाटलं, हा बिल वाढवतोय.

कुकरमध्ये परीक्षा होते ती ग्लूची. मरीन प्लायच्या आयएस ७१० मानकात तुकडा ७२ तास उकळतात, तेही थरांची पकड तपासायलाच. फिनॉलचा ग्लू त्यात टिकतो, युरियाचा हात टेकतो. आतलं लाकूड मात्र ग्लू कुठलाही असो, पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं.

ठाण्याच्या एका फ्लॅटमध्ये जुलैत कपाटाच्या दारांची टोकं पुढे आली. मालकांनी बिजागऱ्यांवर खापर फोडलं. त्या बदलल्या, दारं तशीच. मिस्त्रींनी एक दार उतरवून पालथं घातलं. पुढे चकचकीत सनमायका आणि पाठ उघडी! पुढून ओलीला वाट नाही, मागून मोकळं रान. मागची बाजू फुगून लांबली की दार पुढे वळणारच. म्हणून पाठीलाही लायनर लागतो.

उन्हाचा किस्सा उलटा. पश्चिमेच्या खिडकीलगतच्या पॅनेलचे सांधे मेमध्ये उघडले. घरमालकांचं म्हणणं, उन्हाने फळी वाढली. वाढली असती तर सांधे घट्ट झाले असते! २० अंश तापमान चढलं तर मीटरभर प्लाय वाढतो तो मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाने. त्याच उन्हात लाकडातली ओल पाच टक्क्यांनी उतरली, तर तो जवळपास मिलिमीटरभर आकसतो. उष्णता फळीला वाढवते कमी, वाळवून आखडते जास्त.

सगळ्यात जास्त भांडणं सिंकखालच्या पार्टिकल बोर्डची. त्यातल्या चिपा गरम प्रेसमध्ये दाबून बसवलेल्या असतात. पाणी लागलं की तो दाब सुटतो, कड जाड होते आणि वाळल्यावरही पूर्ण खाली बसत नाही. पाणी लॅमिनेटमधून जात नाही. नळासाठी पाडलेल्या भोकाच्या कच्च्या कडेतून, शटरच्या खालच्या धारेतून शिरतं.

आणि पाठ व कडा झाकायची नेमकी हीच कामं बिलातून पहिल्यांदा कापली जातात. एका साहेबांनी लायनर आणि कडेच्या सीलरवर काट मारत मिस्त्रींना विचारलं, "आतली बाजू कोण बघणार आहे?"

मिस्त्री पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले, "जून बघेल, साहेब."