काळा कोट, पण फी नाही

ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी चांगल्यातला चांगला कायदाही कपाटातच पडून राहतो. रायपूरपासून आफ्रिकेतल्या लायबेरियापर्यंत काही वकील हे कपाट उघडण्याचे काम करीत आले आहेत, तेही स्वतःच्या खिशाला झळ सोसून.

रायपूरच्या समता कॉलोनीत सकाळी गच्चीवर वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी काढायला जावे तर त्यांच्यावर काळसर पूड बसलेली असते. बोट फिरवले की काजळीसारखी रेघ उमटते. दिवसातून दोनदा फरशी पुसली तरी अनवाणी फिरणाऱ्यांचे तळवे काळेच. शेजारच्या चौबे कॉलोनीत, जिथे मराठी मंडळींचे महाराष्ट्र मंडळ आहे, तिथेही हेच गाऱ्हाणे ऐकू येते. ही पूड येते उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींतून. तिथल्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांत कोळसा आणि लोहखनिज एकत्र तापवले जाते. धुरातली धूळ अडवणारी यंत्रे कारखान्यांत असतात. पण विजेचा खर्च वाचवण्यासाठी ती रात्री बंद ठेवली जातात, अशी तक्रार रायपूरकर वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

शहरातली गृहिणी ओले फडके मारून वेळ निभावून नेते. पण कोळसा जिथून निघतो, तिथे फडक्याने भागत नाही. तिथे शेत जाते, विहीर आटते, मोहाची झाडे जातात. रायपूरहून सुमारे अडीचशे किलोमीटरवरचा रायगढ जिल्हा (हा आपला कोकणातला रायगड नव्हे) आणि त्यातला तमनारचा परिसर म्हणजे कोळशाचे आगर. तिथल्या आदिवासी शेतकऱ्याच्या बाजूने देशात कायदे कमी आहेत काय? मुळीच नाहीत. १९९६ चा पेसा कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे, पर्यावरण मंजुरीचे नियम आहेत. अडचण एवढीच की हे सारे कागदावर आहे, कागद बहुधा इंग्रजीत आहे आणि तो वाचून दाखवणारा माणूस फी मागतो.

मंडपातली सुनावणी

मोठी खाण किंवा कारखाना सुरू करण्यापूर्वी पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार त्या भागात जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा, लोकांचे म्हणणे लिहून घ्यायचे आणि सगळ्याचे चित्रीकरण करायचे. मंडप घातला, खुर्च्या मांडल्या, चहा दिला म्हणजे सुनावणी झाली, असे मात्र कायदा कुठेही म्हणत नाही.

५ जानेवारी २००८ रोजी तमनार भागातल्या खम्हरिया गावी गारे-पेलमा पट्ट्यातील जिंदल कंपनीच्या कोळसा खाणीसाठी अशीच सुनावणी झाली. विरोध करायला गावेच्या गावे आली होती. लाठीमार झाला, बायकामाणसे जखमी झाली. तरीही कागदोपत्री सुनावणी पार पडली आणि २००९ मध्ये खाणीला मंजुरीही मिळाली.

एरवी गोष्ट इथेच संपली असती. पण रायगढमध्ये एक छोटे इंटरनेट कॅफे चालवणारे रमेश अग्रवाल नावाचे गृहस्थ होते. ते वकील नव्हेत. ‘जन चेतना’ या नावाने गावोगाव जाऊन ते लोकांना एवढेच सांगत, की माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, कागद मिळवा, वाचा. कागद जमत गेले. मात्र कागदांच्या गठ्ठ्याचे अपील होत नाही. त्यासाठी वकील लागतो, आणि तोही असा, की जो शेकडो पानांचा तांत्रिक अहवाल पैशाची वाट न पाहता वाचायला बसेल.

असे वकील मिळाले ते दिल्लीत. ऋत्विक दत्ता आणि राहुल चौधरी यांनी २००५ मध्ये ‘लाइफ’ नावाची संस्था उभी केली होती. जंगल आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवर गावकऱ्यांची बाजू मांडायची, हेच तिचे काम. हे काम बाहेरून वाटते तितके नाट्यमय नसते. बराचसा वेळ अहवालातली लबाडी हुडकण्यात जातो. कोकणातले उदाहरण पाहण्याजोगे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर चक्क रशियातल्या खाणीच्या अहवालावरून उतरवलेला निघाला! त्यामुळे आंबा-काजूच्या मुलखातले पक्षी त्यात स्प्रूस आणि बर्चच्या झाडांवर राहत होते. लाखो रुपये घेऊन तयार केलेला हा अहवाल कुणी नीट वाचलाच नसता तर तो सरकारी शिक्क्यानिशी खरा ठरला असता.

खम्हरियाचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. न्यायाधिकरणाने सुनावणीची चित्रफीत पाहिली आणि २० एप्रिल २०१२ रोजी, ही सुनावणी म्हणजे निव्वळ थट्टा होती असे ठरवून मंजुरी रद्द केली. जे चित्रीकरण औपचारिकता म्हणून केले होते तेच पुरावा ठरले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ७ जुलै २०१२ रोजी, अग्रवाल यांच्यावर त्यांच्याच दुकानात शिरून गोळ्या झाडण्यात आल्या. मांडीचे हाड मोडले, पण जीव वाचला. २०१४ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, तर ‘लाइफ’ला २०२१ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार. पुरस्कारांच्या बातम्या छापून येतात. पायात सळ्या घालून पुन्हा चालायला शिकणारा माणूस मात्र बातमीतून लवकर निघून जातो.

लायबेरियाचे लोखंड

कागदाची ही लढाई काही फक्त आपल्या देशातली नाही. १९८९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या वकिलांनी मिळून ‘ई-लॉ’ नावाचे जाळे उभे केले. त्याचे मुख्य कार्यालय अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या युजीन गावी आहे. एखाद्या देशातला वकील खाणीचा अहवाल तिथे पाठवतो, शास्त्रज्ञ त्यातल्या आकड्यांची तपासणी करतात आणि कोर्टात टिकेल असे मत लिहून देतात. गावकऱ्यांकडून त्याचे पैसे घेतले जात नाहीत.

दुसरी संस्था न्यूयॉर्कची. ‘इंटरनॅशनल सीनियर लॉयर्स प्रोजेक्ट’ हे तिचे नाव, स्थापना २००० सालची. तिची कल्पना साधी आहे. बड्या कंपन्यांची वकिली करून निवृत्त झालेल्या, किंवा निवृत्तीला आलेल्या वकिलांनी आपले कौशल्य गरीब देशांसाठी वापरायचे. जन्मभर कंपनीच्या बाजूने करार लिहिलेल्या माणसाला करारातली मेख कुठे मारलेली असते हे आणखी कुणी शिकवायला नको.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचे उदाहरण यासाठी बघावे. दीर्घ यादवीने हा छोटा देश खिळखिळा झाला होता. २००५ मध्ये तिथल्या हंगामी सरकारने लक्ष्मी मित्तल यांच्या पोलाद कंपनीशी लोहखनिजाचा करार केला. राजस्थानात जन्मलेल्या मित्तलांचे नाव ऐकून आपली छाती फुगते, पण करारात काय होते हेही पाहायला हवे. खनिज मुख्यतः कंपनीच्याच गोतावळ्यात विकले जाणार आणि त्याची किंमत ठरवण्यात कंपनीलाच मोकळे रान. ज्या किमतीवर सरकारला स्वामित्वधन मिळायचे, ती किंमतच खरेदीदाराच्या हातात! शिवाय खाणीपासून ब्यूकॅनन बंदरापर्यंतचा लोहमार्ग आणि ते बंदरही कंपनीच्या ताब्यात.

जानेवारी २००६ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी जुने करार तपासायला घेतले. त्या वाटाघाटींत लायबेरियाच्या बाजूने या संस्थेचे स्वयंसेवक वकील बसले. २००६ अखेर करार बदलला. किंमत बाजारभावाशी बांधली गेली, लोहमार्ग आणि बंदराची मालकी सरकारकडे आली. पुढे फायरस्टोन कंपनीचा रबर मळ्यांचा जुना करारही याच रीतीने बदलून घेतला गेला. यात मोर्चा निघाला नाही, गोळीबार झाला नाही; टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तोडीस तोड वकील बसले, एवढेच घडले.

स्वदेशातले परदेशी

परक्या देशातून आलेल्या वकिलांकडे संशयाने पाहिले जाते, हे समजण्याजोगे आहे. त्यांचा हेतू काय, पैसा कुणाचा, हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण बस्तरमध्ये तर आपल्याच देशातले वकील परके ठरले. २०१३ मध्ये शालिनी गेरा, ईशा खंडेलवाल आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी जगदलपूरला कायदेशीर मदतीचा गट सुरू केला. तुरुंगात वर्षानुवर्षे पडून असलेल्या कच्च्या कैद्यांचे खटले ते चालवीत. न्यायालयांच्या नोंदी गोळा करून त्यांनी दाखवले, की अशा खटल्यांतले बहुसंख्य आरोपी अखेर निर्दोष सुटतात. तोवर घरची शेती मात्र पडीक झालेली असते, हे कुठल्याही निकालपत्रात लिहिलेले नसते.

२०१५ मध्ये तिथल्या वकील संघाने बाहेरच्या वकिलांविरुद्ध ठराव केला. खरे तर नोंदणीकृत वकिलाला देशात कुठेही वकिली करण्याची मुभा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये घरमालकाने जागा सोडायला सांगितली. पोलिसांच्या दबावाने हे झाले, असे या वकिलांचे म्हणणे. पोलिसांनी ते नाकारले. काही असो, त्यांना जगदलपूर सोडावे लागले हे खरे.

लाखे वकिलांचे शहर

छत्तीसगढला अशी माणसे नवी नाहीत, आणि त्यांतले एक नाव तर मराठीच आहे. रायपूरचे लाखे नगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते वामनराव बळीराम लाखे पेशाने वकील होते. जन्म रायपूरचा, १८७२ चा. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले, तेव्हा प्रकाशक म्हणून लाखेच होते. मराठी घरांतल्या या मंडळींनी हिंदी पत्रकारितेचा पाया घालावा, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला माहीत नसते.

सावकाराच्या कर्जात बुडालेला शेतकरी म्हणजे वकिलाचे हमखास अशील. लाखे यांनी मात्र त्या कर्जावरच उपाय शोधला. १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने रायपूरला सहकारी बँक निघाली. १९४५ मध्ये बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी उभी राहिली. सरकारने दिलेला ‘रायसाहेब’ किताब त्यांनी असहकाराच्या काळात परत केला होता.

फुकट म्हणजे कुणाची मेहेरबानी?

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. फुकटच्या वकिलाला जाब विचारणे अवघड जाते. तारखेला आला नाही तरी अशील हात जोडूनच उभा. म्हणून केवळ चांगल्या माणसांच्या चांगुलपणावर हे काम सोडून चालत नाही. राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने ३९-अ हे कलम आले. त्यानुसार मोफत कायदेशीर मदत देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. या कायद्याखाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अटकेतल्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे समता कॉलोनीतल्या बंगल्यातली मालकीण आणि तिच्याकडे भांडी घासणारी बाई, दोघीही हक्कदार आहेत. भांडी घासणाऱ्या बाईला हे कुणी सांगितले आहे काय, हा वेगळा प्रश्न.

नेमून दिलेल्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे, त्यामुळे अनेकदा कामही तसेच होते. तरी दार उघडे आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय असते, १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. नेमलेला वकील काम करीत नसेल तर तो बदलून मागता येतो.

खाणी-कारखान्यांच्या बाबतीत छत्तीसगढच्या माणसाला पायपीट अधिक. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले, राजधानी रायपूरला आली, पण उच्च न्यायालय बिलासपूरला बसले. हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ तर दुसऱ्या राज्यात, भोपाळला. नुकसानभरपाई मागायची नसेल तर तिथली अर्जाची फी १,००० रुपये आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करायला मुदत मिळते ३० दिवसांची. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस वाढवून मिळू शकतात. त्यानंतर दार बंद होते. तमनारच्या शेतकऱ्याला मंजुरी मिळाल्याचे कळणे, तिची प्रत मिळवणे, ती वाचून घेणे आणि भोपाळला जाणारा वकील शोधणे, हे सारे त्या ९० दिवसांत बसवावे लागते.