भिंतीमागचे पाणी

भाद्रपद सरत येतो, गंगेचा पूर ओसरू लागतो आणि काशीचे घाट एकेक पायरीने पुन्हा वर येतात. पायऱ्यांवर गाळाचा जाड थर बसलेला असतो. पाण्याच्या धारेने तो परत नदीत लोटण्याचे काम पुढे कित्येक दिवस चालते. यात्रेकरूला वाटते, संकट टळले. नदी खाली गेली, भिंती उभ्या राहिल्या, आता भिण्याचे कारण उरले नाही. स्थापत्यशास्त्राचा जाणकार मात्र नेमक्या याच दिवसांत घाटाच्या भिंतींकडे अधिक बारकाईने पाहतो. कारण अशा भिंतीला पुराच्या भर प्रवाहापेक्षा पूर उतरतानाचा काळ पुष्कळदा अधिक कठीण असतो.

वाराणसीपाशी गंगा उत्तरेकडे वळते आणि शहर त्या वळणाच्या बाहेरच्या काठावर वसले आहे. वळणावरची नदी बाहेरचा काठ कोरते व आतल्या काठावर वाळू टाकते. म्हणूनच समोर वाळवंट आणि इकडे उंच कडा, असे काशीचे रूप आपल्याला दिसते. हा कडा चिकणमाती व कंकर यांचा आहे. त्याला जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम चुनारच्या दगडांत बांधलेल्या पायऱ्या, बुरूज आणि भिंती करीत आहेत. अस्सीपासून राजघाटापर्यंतचे चौऱ्याऐंशी घाट ही केवळ स्नानाची स्थाने नव्हेत. मातीला पाठीशी घेऊन उभी असलेली ती एक लांबलचक आधारभिंत आहे. तिच्या बांधणीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. दशाश्वमेध घाट पेशवे बाळाजी बाजीराव यांनी १७४८ मध्ये बांधविला असे सांगतात. पुढे अहिल्याबाई होळकर, नागपूरचे भोसले व ग्वाल्हेरचे शिंदे यांचीही नावे घाटांना लागली.

मराठीत ‘घाट’ हा शब्द आपण नदीच्या पायऱ्यांनाही लावतो आणि डोंगरातल्या वाटेलाही. या दोहोंत एक नाते आहे. डोंगर फोडून रस्ता काढला की एका अंगाला वरची माती कोसळू नये म्हणून आणि दुसऱ्या अंगाला खुद्द रस्ता घसरू नये म्हणून भिंत घालावी लागते. सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला केला. जवळजवळ त्याच सुमारास काशीत दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई एक भव्य घाट बांधवीत होत्या. त्या घाटाची कथा महामार्गाच्या प्रत्येक भिंतीला लागू पडणारी आहे.

बायजाबाईंचे बांधकाम फार मोठे व फार जड होते. त्या भाराखाली पाया खचला, भिंतींना तडे गेले आणि तो डोलारा नदीकडे झुकला. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी पाहिला तो असाच खचलेला घाट. विसाव्या शतकात शिंदे घराण्याने त्याची पुन्हा बांधणी केली. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ मात्र आजही सुमारे ९ अंशांनी कललेले आहे. मातेचे ऋण फेडले, असे कोणा पुत्राने म्हणताच ते देऊळ वाकले, अशी लोककथा तेथे सांगतात. कथा आपल्या जागी गोडच आहे. पण खालची जमीन किती भार सोसू शकते हे आधी पाहावे, हा धडाही त्या देवळापाशी घेता येतो.

पाया खचणे हा भिंतीच्या नाशाचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार अधिक गुप्त असतो आणि त्याचे कारण भिंतीच्या पाठीशी दडलेले असते. समजा, भिंत ३ मीटर उंच आहे आणि तिच्यामागे कोरडी रेताड माती भरली आहे. ही माती भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे पावणेतीन टनांनी बाहेर रेटते. भिंत त्या हिशेबाने बांधलेली असते. आता त्याच मातीत माथ्यापर्यंत पाणी साचले आणि त्याला वाट मिळाली नाही, तर एकूण रेटा सुमारे सहा टनांवर जातो. त्यांतील साडेचार टन एकट्या पाण्याचे असतात. उंची दुप्पट केली तर पाण्याचा रेटा दुप्पट न होता चौपट, म्हणजे १८ टन होतो. एकही दगड न बदलता भिंतीवरील ओझे असे वाढत जाते.

आता काशीच्या पुराकडे पुन्हा वळू. तेथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली आहे. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरांवर गेले होते. पूर चढलेला असतो तेव्हा नदी समोरून भिंतीला दाबते आणि मागची ओली माती पाठीकडून. दोन्ही रेटे एकमेकांना पुष्कळ अंशी तोलून धरतात. पूर झपाट्याने उतरला की समोरचा आधार निघून जातो, पण चिकणमातीत शिरलेले पाणी तितक्या लवकर बाहेर पडत नाही. घाटरस्त्यावरच्या भिंतीपुढे नदी नसते. तेथे मुसळधार पाऊस किंवा मागे फुटलेला नळ हेच काम करतो.

हे किती जीवघेणे ठरते ते हाँगकाँगच्या अनुभवावरून कळते. १९७२ व १९७६ मध्ये तेथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. त्यानंतर १९७७ मध्ये सरकारने उतार व आधारभिंती यांसाठी स्वतंत्र कार्यालय काढले. तरीही जुलै १९९४ मध्ये क्वुन लुंग लाऊ या वसाहतीजवळची जुनी दगडी भिंत पावसात कोसळून पाच माणसे दगावली. चौकशीत दिसून आले की भिंत समजुतीपेक्षा बारीक होती आणि जमिनीतील गळक्या नळांचे पाणी तिच्यामागे मुरत होते. आज तेथे मानवनिर्मित उतार व भिंती मिळून सुमारे ६० हजार नोंदी आहेत, आणि प्रत्येकाला क्रमांकाची पाटी लावण्याची पद्धत आहे.

भिंतींची निगा राखण्याचा खरा आरंभ अशा नोंदवहीपासूनच होतो. भिंत कोठे आहे, उंची किती, कधी बांधली, तिच्या पायथ्याशी शाळा आहे, घरे आहेत की मोकळे रान, हे आधी लिहून काढावे लागते. मग पावसाळ्यापूर्वी, जोराच्या पावसानंतर आणि पावसाळा संपल्यावर तिची पाहणी करावयाची. दुबळी भिंत आणि खाली वस्ती, असा योग जेथे असेल तेथील काम पहिले. पैसा थोडा असला तरी हा क्रम पाळता येतो.

पाहणीची साधने फार खर्चाची नाहीत. ओळंबा सोडून कल मोजता येतो. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवली, की ती तडकताच भेग वाढत असल्याचे कळते. अवघड जागी भिंतीमागे नळ्या पुरून मातीतल्या पाण्याची उंची व जमिनीची हालचाल मोजणारी यंत्रे बसवितात. परंतु पहिले साधन म्हणजे जाणत्या माणसाचे डोळे. भिंतीला पोट सुटले आहे काय? वरच्या रस्त्यावर भिंतीला समांतर भेग पडली आहे काय? सांध्यांत पिंपळ रुजला आहे काय? आणि पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली भोके उघडी आहेत काय?

या भोकांविषयी एक गैरसमज घरोघरी आढळतो. त्यांतून पाणी ठिबकू लागले की भिंत खराब झाली असे समजून ती सिमेंटने बुजवितात. कोरड्या रचलेल्या दगडी भिंतीच्या दरजाही अशाच हौसेने भरल्या जातात. वास्तविक स्वच्छ पाणी ठिबकणे हे भिंत आपले काम करीत असल्याचे लक्षण आहे. पाणी गढूळ येऊ लागले तर आतली माती वाहून जात आहे असे समजावे. आणि भर पावसात नेहमीचे ठिबकणे एकाएकी थांबले, तर भोके तुंबली आहेत काय हे लगेच पाहावे.

आपल्या घराच्या, शाळेच्या किंवा गृहसंस्थेच्या मागे अशी एखादी भिंत असेल, तर येत्या पावसाळ्यापूर्वी मुलांना बरोबर घेऊन तिच्याकडे एकदा नीट पाहावे. वरचे गटार साफ ठेवावे, भोके मोकळी करवून घ्यावीत. पोट सुटलेले वा नवी भेग पडलेली दिसली, तर तिच्या पायथ्याशी मुलांना खेळू देऊ नये आणि नगरपालिकेला किंवा अभियंत्याला लेखी कळवावे. काशीला गेल्यावर शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर क्षणभर थांबावे. एका राणीच्या औदार्याने उभारलेले दगडी काम जमिनीने सोसले नाही, आणि पुढच्या पिढ्यांना ते पुन्हा बांधावे लागले. आपल्या गावच्या भिंतींवर तशी पाळी येऊ नये, आणि त्यांच्या पायथ्याशी राहणारी माणसे पावसाच्या रात्री निर्धास्त झोपावीत, यासाठी करावयाचे काम वर्षातून तीनदा पाहण्याचे व नोंद ठेवण्याचे आहे.