गोखल्यांच्या घरातली मोहिनी

तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळावी म्हणून दादासाहेब फाळक्यांनी जंग जंग पछाडलं. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या वस्तीतही विचारून झालं. पण ‘सिनेमात काम’ म्हटल्यावर तिथूनही नकारच आला. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवून ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा करावा लागला. मे १९१३ मध्ये तो मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी नाशकात ‘मोहिनी भस्मासुर’ हाती घेतला, आणि या खेपेला त्यांना एकदम दोन बायका मिळाल्या. दोघी मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम बारा-तेरा वर्षांची कमला मोहिनी.

ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांना ‘पहिली अभिनेत्री’ म्हणून एक ओळ मिळते. खरं कर्तृत्व त्या ओळीनंतरचं आहे.

दुर्गाबाईंचा संसार मोडला तेव्हा पदरात ही लहान मुलगी होती. विसाव्या शतकाच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत अशा बाईपुढे धुणीभांडी किंवा कुणाच्या घरचा स्वयंपाक, एवढेच रस्ते असत. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक कंपनीची वाट धरली. नावाजलेल्या कंपन्यांत तेव्हा नायिका पुरुषच रंगवत. बालगंधर्वांचं नेसणं पाहून घरंदाज बायका लुगडी घेत, पण खरी बाई रंगमंचावर आली की समाज तिला वाळीत टाकी. दुर्गाबाईंच्या वाट्याला तेच आलं. कमला मात्र रंगपटातच लहानाची मोठी झाली. आज या गावी मुक्काम, उद्या पुढच्या. पेट्या बांधायच्या, पडदे गुंडाळायचे, आणि नकला पाठ करता करता अक्षरं गिरवायची.

सिनेमातली मोहिनी मुकी होती. संवाद पाठ असलेल्या मुलीला नुसत्या हातवाऱ्यांवर आणि नाचावर भस्मासुराला भुलवायचं होतं, त्याचा हात त्याच्याच डोक्यावर ठेवायला लावायचा होता. त्याच खेळात ‘पिठाचे पंजे’ ही छोटी विनोदी फीतही दाखवत. पोटाची खरी सोय मात्र नाटकच करत होतं.

लग्नही नाटकवाल्याशीच झालं. रघुनाथराव गोखले गाणारे नट होते. गोखले बंधूंच्या चित्ताकर्षक नाटक कंपनीत कमलाबाई नायिका झाल्या. बाई नायिका आणि नवरा त्याच कंपनीत, हे दृश्य त्या काळच्या प्रेक्षकांना नवलाचं होतं. पण कमलाबाईंच्या पंचविशीच्या आसपासच रघुनाथराव गेले. तिसरं मूल तेव्हा पोटात होतं.

विधवेनं आलवण नेसून कोपऱ्यात बसायचं, असा तो काळ. कमलाबाई तोंडाला रंग लावून पुन्हा उभ्या राहिल्या. वेळ पडली तेव्हा पुरुषभूमिकाही केल्या. तीन मुलगे त्यांनी या कमाईवर वाढवले आणि तिघांच्याही हाती कलाच दिली. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले, चंद्रकांत अभिनयाकडे. मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर चंद्रकांत गोखल्यांनी कित्येक दशकं काम केलं. नातू विक्रम ‘बॅरिस्टर’सारख्या नाटकानं गाजले आणि ‘अनुमती’साठी त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये ते गेले. दुर्गाबाईंपासून मोजलं तर एकाच घराच्या सलग चार पिढ्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

कमलाबाई स्वतःही लवकर थांबल्या नाहीत. सिनेमा बोलू लागला तेव्हा त्याही बोलपटांत आल्या. १९८० च्या ‘गहराई’तही त्या आहेत. १९१३ ते १९८०, म्हणजे सदुसष्ट वर्षं. मुक्या चित्रपटापासून रंगीत चित्रपटापर्यंतचा एवढा पल्ला पडद्यावर स्वतः चाललेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

नव्वदीच्या घरात पोचलेल्या या आजीला रीना मोहन यांनी पुण्यात गाठलं. त्यातून ‘कमलाबाई’ हा माहितीपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या नाटकांतले उतारे कमलाबाई त्यात तोंडपाठ म्हणून दाखवतात. शरीर थकलेलं आहे, पण वाक्य सुरू झालं की आवाज चढतो आणि हात आपोआप भूमिकेत जातो. वयाच्या त्या टप्प्यावरही त्यांना आठवणी सांगण्यापेक्षा प्रवेश करून दाखवणं जास्त आवडतं, हे बघणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं.

‘मोहिनी भस्मासुर’ आज पाहायला मिळत नाही. फिरत्या कंपन्यांची हस्तपत्रकं, फोटो, नकलांच्या वह्या हे सगळं ज्या त्या घराच्या माळ्यावर पडून असतं आणि साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातं. यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत असं काही हाती लागलं, तर ते टाकू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे एकदा दाखवून घ्या.