रायपूर : धानाच्या वाणांना थंडाव्याआधी हवी कोरडी हवा

छत्तीसगढची राजधानी रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे धानाच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. एवढे बियाणे जिवंत ठेवण्यात सर्वांत मोठा अडथळा आहे तो तेथील पावसाळी हवेचा. जुलै-ऑगस्टमध्ये रायपूरच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत उघडे ठेवलेले धान १४ ते १६ टक्के ओलावा धरून बसते आणि एक-दोन वर्षांत त्याची उगवणशक्ती घटू लागते.

या संग्रहाचा पाया डॉ. राधेलाल रिछारिया यांनी घातला. कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविल्यानंतर १९७०च्या दशकात त्यांनी रायपूरच्या तत्कालीन तांदूळ संशोधन संस्थेत काम केले. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. पुढे हा ठेवा १९८७ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाकडे आला. सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीला तो खुला करण्याचा प्रस्ताव २००२ मध्ये आला, तेव्हा शेतकरी संघटनांनी तीव्र विरोध केला आणि त्याच वर्षी तो बारगळला. यातील अनेक वाण आता शेतात आढळत नाहीत. अशा वाणाची साठवलेली मूठभर बियाणी निर्जीव झाली, की तो वाणच संपतो.

उगवणशक्ती घटू लागलेला नमुना पुन्हा पेरून ताजे बी घेता येते. मात्र २३ हजार नमुने वारंवार पेरायचे म्हणजे प्रचंड जागा आणि मनुष्यबळ लागते. प्रत्येक पेरणीत भेसळीचा धोकाही असतो. त्यामुळे दोन पेरण्यांमधील काळ लांबविणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

अमेरिकेतील बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी त्यासाठी एक ढोबळ नियम सांगितला आहे. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला, की त्याचे आयुष्य दुप्पट होते. साठवणुकीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, तरीही ते दुप्पट होते. हा नियम साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या मर्यादेत लागू पडतो. त्या हिशेबाने १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांपर्यंत वाळविलेले बी २५० पटींहून अधिक काळ टिकू शकते. केवळ थंडाव्यातून एवढा लाभ मिळवायचा, तर तापमान ४० अंशांनी उतरवावे लागेल.

शीतगृह बांधले म्हणजे काम झाले, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. हवा थंड केल्याने तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता घटते आणि सापेक्ष आर्द्रता उलट वाढते. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना रायपूरच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. दहा बाय बारा फुटांच्या साध्या खोलीतील हवेत ते पाऊण लिटरहून अधिक भरते. हीच हवा २५ अंशांच्या खाली गेली, की पृष्ठभागांवर दव जमू लागते. नीट न वाळविलेले बी साध्या पिशवीत भरून शीतगृहात ठेवल्यास ते दमटच राहते.

यंत्र कोणते आणि कोठे बसवावे

घरगुती डीह्युमिडिफायरमध्ये थंड नळ्यांवर हवा फिरविली जाते, बाष्पाचे पाणी होऊन तळाच्या ट्रेमध्ये पडते आणि काहीशी उबदार, कोरडी हवा खोलीत परतते. कपडे, पुस्तके आणि भिंतींना बुरशीपासून वाचविण्यास ५० ते ६० टक्के आर्द्रता पुरेशी असल्याने घरांसाठी हे यंत्र योग्य आहे. बियाण्यांची गरज निराळी आहे. वाळवणीच्या खोलीसाठी १५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता हे प्रमाण जगभरच्या बीजपेढ्यांमध्ये रूढ झाले. इतक्या कोरड्या हवेचा दवबिंदू उणे ११ अंशांच्या आसपास असतो. तेथवर पोहोचण्यापूर्वीच साध्या यंत्राच्या नळ्यांवर बर्फ साचतो आणि हवेचा मार्ग अडतो.

त्यामुळे येथे सिलिका जेलचे चक्र असलेले यंत्र लागते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेले हे चक्र संथपणे फिरते. त्याच्या मोठ्या भागातून खोलीतील हवा जाते व तिचे बाष्प शोषले जाते. उरलेल्या भागातून शंभर अंशांहून अधिक तापविलेली हवा सोडून जेल पुन्हा कोरडे केले जाते. ही ओली, गरम हवा नळीवाटे इमारतीबाहेर काढावी लागते. नळीला बाहेरच्या दिशेने उतार नसल्यास आत जमलेले पाणी यंत्राकडे परतते. बाहेरची हवा आत घेण्याचे तोंडही या नळीपासून दूर असावे, अन्यथा फेकलेले बाष्पच पुन्हा आत येते. चक्रातून निघणारी कोरडी हवा गरम असल्याने ती थंड करणारी जोड-यंत्रणा लागते, हे खर्चाच्या अंदाजात अनेकदा विसरले जाते.

खोली गळकी असेल, तर यंत्र कितीही मोठे घेतले तरी निरुपयोगी. विटांच्या भिंती आणि फरशी जमिनीची ओल ओढतात. म्हणून आतून बाष्परोधक थर किंवा उष्णतारोधक पॅनेल, दुहेरी दारांमधील लहानशी मधली खोली आणि वीज गेल्यास जनरेटर यांची तरतूद आधी करावी लागते.

वाळवणीच्या पद्धतीतही बदल होत आहे. शेतातून आलेले ओलसर धान थेट १५ अंशांच्या खोलीत नेण्याऐवजी सुरुवातीला ४५ अंशांपर्यंतच्या उबदार हवेत वाळविल्यास ते अधिक टिकते, असे फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेच्या गेल्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. वाळलेले बी ॲल्युमिनियमच्या हवाबंद पाकिटात भरल्यावर बाहेरच्या दमटपणाचा त्याला उपद्रव होत नाही. कोरड्या हवेचे महागडे काम त्यामुळे वाळवणीच्या खोलीपुरते मर्यादित ठेवता येते. साठवणुकीच्या खोलीत प्रामुख्याने थंडावा राखावा लागतो.

शेतकऱ्याच्या घरचे बियाणे

कोकणात भाताचे बी पेंढ्याच्या मुड्यात, तर अन्यत्र शेणाने सारवलेल्या कणगीत ठेवण्याची रीत होती. एका हंगामासाठी ती पुरेशी होती. शासकीय प्रमाणीकरणात धानाच्या बियाण्यासाठी साध्या पिशवीत १३ टक्के, तर बाष्परोधक वेष्टनात ८ टक्के ओलाव्याची कमाल मर्यादा आहे. दुबराजसारखा सुगंधी वाण अनेक वर्षे जपायचा असल्यास उन्हात नीट वाळविलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत, कापडी पुरचुंडीत बांधलेल्या सिलिका जेलसह ठेवता येते. निळे जेल गुलाबी झाले, की बाहेर काढून मंद आचेवर तापवावे. निळा रंग परतल्यावर ते पुन्हा वापरता येते. बरणी मात्र पावसाळ्यात उघडू नये.