आधी खालच्या मजल्यावर जाणारा मिस्त्री

‘घराचं काम काढायचंय, चांगला मिस्त्री आहे का कुणी?’ आमच्या लालबागच्या चाळीत हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. मी चाळ कमिटीची चिटणीस असल्याने कुणाच्या खोलीत काय चाललंय ते माझ्या कानावर लवकर येतं. बहुतेकजण आधी मजुरीचा भाव विचारतात. मी सांगते, भाव नंतर बघू. मिस्त्री घरी आला की तो काय विचारतो ते ऐका. उंबरठ्यात उभा राहूनच जो ‘हे सगळं तोडून टाकू, दोन दिवसांत मोकळे’ म्हणतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. ‘वहिनी, खाली कोण राहतं? त्यांच्या छताला ओल आहे का?’ असं जो विचारतो, त्याचा नंबर लिहून घ्या.

लालबाग, परळ, गिरगाव, दादरच्या जुन्या चाळी कशा बांधल्यात हे माहीत असलं की त्या प्रश्नाचं मोल कळतं. कितीतरी इमारतींचा सांगाडा सागवानी खांब आणि तुळयांचा आहे. काही ठिकाणी लोखंडी गर्डर टाकून त्यांच्यामध्ये दगडी लाद्या बसवल्यात. भिंती चुन्याच्या. तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं असतं. वरच्या मोरीतलं पाणी वर्षानुवर्षं झिरपत राहिलं की ते टोक आतल्या आत कुजतं, आणि बाहेरून रंग मारलेला असल्याने दिसत काहीच नाही. आपली जमीन म्हणजे खालच्यांचं छत. म्हणून अशा इमारतीत एका खोलीची दुरुस्ती ही निदान दोन घरांची दुरुस्ती असते.

वजनाचंही तसंच. जुनी लादी न काढता तिच्यावरच नवी बसवा, असा सल्ला सर्रास मिळतो, कारण त्यात तोडफोड वाचते. दहा बाय बाराच्या खोलीत दोन इंच मसाला आणि वर नवी लादी धरली, तर इमारतीवर सव्वा टनाहून जास्त भार वाढतो. त्यात ग्रॅनाइटचा ओटा, भिंतभर कपाट आणि पाण्याचं पिंप. ओळीने चार बिऱ्हाडांनी हेच केलं तर त्या जुन्या तुळयांनी काय करावं? जाणता मिस्त्री आधी जुना थर काढायला लावतो. खर्च वाढतो, पण तो करावा.

कुठल्या कामाला कुणाला विचारायचं, याबद्दल फार गोंधळ आहे. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 342 नुसार काही कामं ‘भाडेकरूने करायची किरकोळ दुरुस्ती’ या प्रकारात मोडतात: गिलावा, रंग, लाद्या बदलणं, मोरी-संडासाची दुरुस्ती, नळ, पाइप आणि विजेची फिटिंग बदलणं. मात्र भार घेणारी भिंत किंवा खांब-तुळई काढणं किंवा बदलणं, जमीन खाली उतरवणं, खोलीची लांबी-रुंदी-उंची बदलणं, आणि पोटमाळा घालणं किंवा वाढवणं, हे त्यात बसत नाही. पोटमाळ्यावर पिढ्या वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण नियम तसा आहे. असं काही मनात असेल तर आधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जा. परळ-लालबागकरांना एफ-दक्षिण, दादर पश्चिमेच्या लोकांना जी-उत्तर, गिरगावकरांना घर कुठल्या बाजूला आहे त्याप्रमाणे डी किंवा सी.

आणखी एक यंत्रणा आहे, ती म्हणजे म्हाडाचं दुरुस्ती मंडळ. शहर भागातल्या जुन्या भाडोत्री इमारतींवर उपकर लावून त्यांची दुरुस्ती करण्यासाठी 1969 मध्ये कायदा झाला. सुरुवातीला अशा 19,642 इमारती होत्या. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर 1950 अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि पुढच्या 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या ‘क’ वर्गात. तुमची इमारत उपकरप्राप्त असेल तर तुळया, जिना, छप्पर अशा मूळ ढाच्याच्या दुरुस्तीसाठी मंडळाकडे अर्ज करायचा. कुजलेली तुळई दिसली की स्वतःच्या खर्चाने लोखंडी टेकू ठोकून मोकळं होऊ नका. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ढाच्याला परस्पर हात लावणं जिवावर बेतू शकतं. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धिसाई इमारत कोसळून 17 माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. मला तेव्हापासून कुणाच्याही घरात ब्रेकर मशीनचा आवाज आला की मी जिना चढून जाते आणि विचारते, काय तोडताय?

आता मोरीचं काम, कारण चाळीतली निम्मी भांडणं तिच्यापायी होतात. आमच्या शेजारच्या खोलीत हे काम एका कोकणातल्या मिस्त्रींनी केलं, ते मी रोज जाऊन बघत होते. त्यांनी मशीन आणलं नाही. छिन्नी-हातोडीने जुना थर सोलला. नहाणी ट्रॅप आणि पाइपचा सांधा पूर्ण उघडा केला, कारण गळती बहुतेक वेळा तिथेच असते. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला ट्रॅपकडे उतार, जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा, आणि वर केमिकलचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा, भिंतीवर फूटभर वरपर्यंत चढवून. मालक म्हणाले, लाद्या येऊन पडल्यात, लावून टाका. मिस्त्रींनी ट्रॅपला बूच मारलं, मोरी पाण्याने भरली, भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ ओढली आणि दोन दिवस काम बंद ठेवलं. तोवर त्या घरातली माणसं आमच्या मोरीत आंघोळ करत होती. रोज सकाळ-संध्याकाळ मिस्त्री टॉर्च घेऊन खालच्या खोलीत जायचे आणि छताला तळहात लावून बघायचे. पाणी रेघेलाच राहिलं, छत कोरडं राहिलं, तेव्हाच लाद्यांचं खोकं उघडलं. लाद्या बसल्यावर त्यांनी लांबच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते न रेंगाळता ट्रॅपकडे गेलं. मग रुपयाच्या नाण्याने एकेक लादी वाजवली. पोकळ आवाज आला ती उचलून पुन्हा बसवली.

हे दोन दिवस मिस्त्रीच्या हिशेबात खाडा असतो. म्हणूनच काम ठरवताना पाण्याची ही चाचणी कागदावर आणा. काम रोजावर द्यायचं की उक्तं, हेही तिथेच ठरतं. काय निघेल याचा अंदाज नसेल तर रोजावर, मोजमाप नक्की असेल तर उक्तं. माल शक्यतो आपण आणावा: विजेचं सामान लोहार चाळीत, हार्डवेअर नागदेवीला, बिल आपल्या नावावर. एका वहीच्या पानावर काम, मालाची कंपनी, मजुरी, मुदत आणि रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, कोण उचलणार हे लिहून दोघांनी सही करावी. रॅबिट रात्री गल्लीच्या तोंडाशी टाकून देणं गुन्हा आहे. ते उचलायची सोय पालिकेकडे आहे. उचल द्यायची ती पहिल्या टप्प्यापुरतीच. आमच्याच चाळीत एका ठेकेदाराने निम्म्याहून जास्त रक्कम आधी घेतली आणि उघड्या मोरीसकट त्या कुटुंबाला सोडून तो दुसऱ्या साइटवर गेला. टप्प्याटप्प्याने पैसे दिले असते तर त्या घरातल्या बाईंना अर्धा पावसाळा शेजाऱ्यांच्या दारात बादली घेऊन उभं राहावं लागलं नसतं.

विजेच्या कामाला मात्र हरहुन्नरी माणूस चालत नाही, परवानाधारकच हवा. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही आणि त्यावर एसी, गिझर लावणं म्हणजे जिवाशी खेळ. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या आणि भार वाढणार असेल तर आधी बेस्टकडे अर्ज करा. चाळ सोडून टॉवरमध्ये गेलेल्यांसाठीही एक सूचना आहे. नव्या इमारतींच्या भिंती अनेकदा मायव्हान पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात अखंड काँक्रीट ओतून केलेल्या असतात. त्या भार घेतात. वायरसाठी तिथे खाच मारायला कुणी हातोडा उचलला तर त्याला थांबवा.

वेळ साधणंही महत्त्वाचं. कोकणातले सुतार-मिस्त्री शिमग्याला आणि गणपतीला गावी जातात, उत्तरेकडचे कारागीर होळीला. लालबाग-गिरगावात गणपतीच्या तोंडावर टेम्पो गल्लीत शिरत नाही आणि रंगारी तर मिळतच नाही. छपराचं काम मेपर्यंत उरकावं. नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचं असतं, आणि ते मिस्त्री गेल्यावर आपल्याच घरातल्या कुणीतरी मारायचं असतं.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मागच्या गल्लीत बांबूच्या परांचीवर चढून पाइप जोडणाऱ्या प्लंबरला पट्टा आहे का, हे बघणं आपलं काम आहे. नसेल तर काम थांबवा, पट्टा येऊ द्या. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी कामगाराला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सुट्टी कामं करणाऱ्यांना तो मिळवताना नाकी नऊ येतात. तुमच्याकडे त्याने किती दिवस कोणतं काम केलं, ते तारखा घालून लिहून द्या. निदान त्याच्या हातात एक कागद राहील. काम चोख झालं असेल तर शेवटच्या टप्प्याची रक्कम ठरल्या दिवशी, त्याने न मागता द्या. असा व्यवहार पाळणाऱ्या घराचा फोन मिस्त्री भर पावसातही उचलतो, आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्याला असा माणूस आज ना उद्या लागतोच.