ई-स्कूटरची एकच बॅटरी बदलून का भागत नाही?

नवी असताना एका चार्जिंगमध्ये चाळीस-पन्नास किलोमीटर जाणारी ई-स्कूटर दीड-दोन वर्षांत वीस किलोमीटरवरच धापा टाकायला लागते. दुकानदार तपासतो आणि सांगतो, "चारपैकी एकच गेलीय, तेवढीच बदलून देतो." पूर्ण सेटचा खर्च वाचला म्हणून मालक खूश होतो. पण काही आठवड्यांत तीच गाडी त्याच दुकानासमोर पुन्हा उभी असते. दरवेळी दुकानदाराने फसवलेलंच असतं असं नाही. या बॅटऱ्यांचं कामच असं चालतं.

सीटखाली असतं काय?

२५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग अशा निकषांत बसणाऱ्या मान्यताप्राप्त ई-स्कूटरला आपल्याकडे लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. अशा स्वस्त गाड्यांमध्ये बऱ्याचदा लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. हे तंत्र फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलं. शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक ॲसिड, एवढाच त्याचा गाभा.

४८ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. यालाच सिरीज म्हणतात. चौघींमधून सारखाच करंट वाहतो, पण कंट्रोलर आणि चार्जर दोघांनाही फक्त चौघींची बेरीज दिसते. कोणती थकलीय आणि कोणती ताजी आहे, हे त्यांना कळतच नाही. सगळा घोळ इथेच आहे.

गाडी चालवताना काय होतं?

बेरीज साधारण ४२ व्होल्टवर आली की कंट्रोलर गाडी बंद करतो. म्हणजे एका बॅटरीमागे साडेदहा व्होल्ट. याच्या खाली गेलेली बॅटरी झपाट्याने खराब होते.

आता समजा, तीन बॅटऱ्या १२.२ व्होल्टवर आहेत आणि चौथी कमजोर असल्याने ६ व्होल्टवर आली आहे. बेरीज होते ४२.६. कंट्रोलरला वाटतं, सगळं ठीक आहे. गाडी चालत राहते आणि ती चौथी पार मरते.

चार्जिंगला लावल्यावर काय होतं?

४८ व्होल्टचा चार्जर सेटला साधारण ५८.८ व्होल्टपर्यंत नेतो, म्हणजे प्रत्येकीला १४.७. प्रत्येक बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. एखादीचा एक सेल शॉर्ट झाला, तर ती सव्वाबारा व्होल्टच्या आसपास अडकते. मग उरलेला भार बाकीच्या तिघींवर पडतो आणि त्यांना प्रत्येकी साडेपंधरा व्होल्ट मिळायला लागतात. त्या तापतात, त्यांच्यातलं पाणी उडतं, त्या फुगतात. चार्जरचा दिवा मात्र हिरवा व्हायचं नाव घेत नाही.

तीन जुन्या आणि एक नवी असं केलं तर उलटा प्रकार होतो. जुन्यांची क्षमता घटलेली असते, त्यामुळे त्या लवकर भरतात आणि त्यांचा व्होल्टेज वर चढतो. चार्जरला वाटतं, सेट भरला. नवी बॅटरी दरवेळी अर्धपोटी राहते आणि तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात. शिवाय गाडी जाणार जुन्यांच्या ताकदीइतकीच. म्हणजे नवी बॅटरी घेऊनही अंतर वाढत नाही, वर तीही लवकर जाते.

मग एकच कधी बदलावी?

सेट काही महिन्यांचाच असेल आणि एखादी बॅटरी वॉरंटीत बिघडली असेल, तर त्याच कंपनीची, त्याच क्षमतेची बदलून घेणं ठीक. सेट वर्ष-दीड वर्ष वापरलेला असेल, तर चारही एकदम बदलाव्यात. शक्य तितक्या एकाच बॅचच्या घ्याव्यात.

खराब बॅटरी ओळखायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी बरीच चालवून आणल्यावर लगेच प्रत्येकीचा व्होल्टेज वेगळा मोजायचा. एखादी बाकीच्यांपेक्षा एक व्होल्ट किंवा जास्त खाली असेल, तर दोष तिच्यात आहे.

बदलताना काय जपावं?

- आधी चार्जर काढा, एमसीबी बंद करा आणि वायरींचा फोटो काढून ठेवा.
- हातातली अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर मोठी ठिणगी उडते.
- एकीचा प्लस पुढचीच्या मायनसला, अशी साखळी जोडा.
- गाडीला जोडण्यापूर्वी बेरीज मोजा. पूर्ण चार्ज असलेल्या चार बॅटऱ्या ५१ व्होल्टच्या आसपास दाखवतात. ३८ दिसले तर एक सुटली आहे, २५ दिसले तर एक उलटी लागली आहे.

वायरिंगची सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्यावं.

नवा सेट टिकवायचा कसा?

लेड-ॲसिड बॅटरी "पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी" हा गैरसमज आहे. ती जितकी कमी उतरेल, तितकी जास्त टिकते. रोज दहा किलोमीटरच जात असाल, तरी रोज चार्ज करा. अर्धवट उतरलेली बॅटरी आठवडाभर पडून राहिली, तर त्याच स्फटिकांचा त्रास सुरू होतो. गाडी बंद ठेवायची असेल, तर पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा.

२० ॲम्पिअर-अवरच्या सेटला साधारण २ ते ३ ॲम्पिअरचा चार्जर योग्य. उन्हातून आल्यावर अर्धा-पाऊण तास गाडी थंड होऊ द्या. या बॅटऱ्यांचं कायमचं तापमान १० अंशांनी वाढलं, तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. जास्त चार्ज झाल्यास हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून बंद खोलीत किंवा जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात चार्जिंग नको.

लिथियम बॅटरी बसवायची असेल, तर चार्जरही तिचाच घ्या. लेड-ॲसिडचा जुना चार्जर तिला लावणं धोक्याचं आहे.

जुन्या बॅटरीचं काय?

बॅटरीच्या वजनातला मोठा भाग शिशाचा असतो, म्हणून तिला भंगारातही भाव येतो. पण हेच शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवा सेट घेतानाच जुना दुकानात परत द्या आणि एक्सचेंजची रक्कम बिलात वजा करून घ्या. बॅटरी फोडून ॲसिड गटारात ओतणाऱ्याला ती देऊ नका, मग तो दोनशे रुपये जास्त का देईना.