राखणीच्या तरुण कुत्र्याचें पोट व गुदग्रंथि

कुत्रें बूड जमिनीवर घासूं लागलें कीं जंत झाले असें आपण समजतों. कित्येकदां तें खरेंहि असतें. शेपटीखालीं तांदुळाच्या कणीसारखे तुकडे दिसल्यास पट्टकृमि समजावे. परंतु गुदद्वाराच्या दोन्ही अंगांस, किंचित् खालीं, दोन लहान पिशव्या असतात, त्यांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. त्यांतील उग्र दर्पाचा द्रव घट्ट मळाच्या दाबानें बाहेर पडतो. मळ फार दिवस पातळ राहिला म्हणजे तो आंतच सांचून दाट होतो, पिशवी सुजते व प्रसंगीं गळूं होऊन फुटते. म्हणून उपाय पोटापासून करावा, असें आमचें मत आहे.

अंगावरून तुटलेल्या पुष्कळ पिल्लांस गाईम्हशीचें दूध पचत नाहीं. घरच्या मंडळींनीं मायेनें पाजलेली वाटीच अनेकदां ढाळांचें मूळ असते! तें बंद करून मऊ भात व उकडलेलें अंडें अथवा मांस द्यावें. त्यांत शिजविलेला तांबडा भोपळा चमचाभर मिसळावा. कांदा मुळींच घालूं नये. पोट सुधारल्यावर नेहमींचें अन्न ७ दिवसांत हळूहळू वाढवावें.

जंताचें औषध वजनाप्रमाणें पशुवैद्याकडूनच घ्यावें. निरोगी पिशव्या उगीच पिळूं नयेत. सूज वा पू दिसल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. वांत्या व रक्तमिश्रित ढाळ होऊन पिल्लू मलूल पडल्यास तर रात्रभरहि थांबूं नये. तो पार्व्हो असूं शकतो, व त्यांत पिल्लें दोनतीन दिवसांत दगावतात.